अडलेली ऑर्डर कुठे थांबणार? वर्कफ्लो सॉफ्टवेअर निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

दसऱ्यानंतरची पहिली बैठक. नागपूरच्या कॉटन मार्केटजवळचं ऑफिस, वाडीचं गोदाम आणि तालुक्यांत फिरणारे आमचे प्रतिनिधी यांच्यामध्ये ऑर्डर आज फोन, व्हॉट्सअ‍ॅप आणि चिठ्ठ्यांवर फिरते. हे काम वर्कफ्लो सॉफ्टवेअरवर, म्हणजे ऑर्डर एका माणसाकडून पुढच्याकडे नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणायचं नक्की झालं. धंदा ठिबक सिंचनाचा आणि पंपांचा. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, वरुड, मोर्शी आणि सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याचे डीलर आमच्याकडून माल उचलतात.

मुदतही आजच ठरली: आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून बागेचं पाणी तोडतात तो काळ) तुटायच्या आधी. जानेवारीच्या मध्यापासून संत्र्याच्या बागांना पुन्हा पाणी सुरू होतं आणि लॅटरल, ड्रीपर, फिल्टर सगळ्यांना एकाच आठवड्यात लागतं. त्या गर्दीत नवीन पद्धत शिकवायला कुणाला वेळ नसतो.

मालक भाऊंचं म्हणणं स्पष्ट होतं, "सॉफ्टवेअर कोणतंही आणा, पण सीझनमध्ये गाड्या थांबल्या नाही पाहिजेत." बैठकीत लगेच तीन-चार नावं पुढे आली. कुणाच्या मेहुण्याकडे एक चालतं, कुणी जाहिरात पाहिली. नावांवर आज बोलायचंच नाही असं मी सुचवलं आणि ते मानलं गेलं. आधी ऑर्डर आपल्याकडे नेमकी कशी चालते ते कागदावर येऊ दे.

९ ऑक्टोबर

दिवसभर ऑर्डर डेस्कवर बसले. काटोलच्या एका डीलरचा सकाळचा मेसेज जसाच्या तसा: "१६ चे २० बंडल, ग्रोमेट त्याच हिशोबाने, फिल्टर मागच्या वेळी दिला तोच. उद्या पायजे." पाठोपाठ एक आवाजी निरोप, त्यात बंडल २० नव्हे २५.

डेस्कवरच्या आमच्या सहकारीनं हे वहीत कसं उतरवलं ते पाहण्यासारखं होतं. '१६ चे' म्हणजे १६ मिलिमीटर लॅटरल (झाडांच्या ओळीत टाकायची नळी), पण इनलाइन (ड्रीपर आतच बसवलेली) की साधी, हे त्या डीलरच्या मागच्या खरेदीवरून ठरतं. ग्रोमेट (मुख्य पाईपला लॅटरल जोडताना लागणारी रबरी कडी) किती, ते बंडलाच्या आणि बागेतल्या ओळींच्या लांबीवर. फिल्टरसाठी तिनं जुनं बिल काढलं. हे सगळं काही मिनिटांत झालं. मग ऑर्डर थांबली ती दुपारी तीनपर्यंत, कारण डीलरची उधारी मर्यादेच्या जवळ होती आणि हो म्हणणारे अकाउंटचे काका बँकेत गेले होते. तीन वाजता होकार आला तेव्हा वाडीला कळलं की त्या मापाचे बंडल पुरेसे नाहीत. तेवढ्यात डीलरचा फोन, "ताई, माल निघाला का? शेतकरी दुकानात येऊन बसून राह्यला."

वेळ टायपिंगमध्ये जात नाही, तो दोन माणसांच्या मधे जातो. ऑर्डर कुणाकडे आहे, का थांबली आहे आणि कधीपासून, हे सांगणारी एकही जागा आमच्याकडे नाही. ऑर्डर अडली की ती माणसांच्या डोक्यात जाऊन बसते. सॉफ्टवेअर याच्यासाठी हवं आहे. बाकीचं सगळं नंतर.

१३ ऑक्टोबर

संपूर्ण प्रवास मोठ्या कागदावर काढला. चिन्हं बीपीएमएन या कामाचे टप्पे काढायच्या प्रमाण पद्धतीचीच वापरली: सुरुवात-शेवटाला वर्तुळ, कामाला चौकट, निर्णयाला चौकोन उभा करून हिरा, आणि प्रत्येक खात्याला आडवा पट्टा. ही पद्धत २०११ मध्ये २.० आवृत्तीत स्थिरावली आणि २०१३ पासून आयएसओचं मानकही आहे. त्यामुळे उद्या दुसरा कुणी तंत्रज्ञ आला तरी आमचा कागद वाचू शकेल. काकांना आणि गोदामातल्या दादांना चिन्हं समजावायला फारसा वेळ लागला नाही. दादांनी तर स्वतःच एक हिरा वाढवला: "गाडी आली, पण हमाल जेवायला गेले, तेव्हा काय?"

ऑर्डर अडण्याच्या जागा कागदावर लाल केल्या. उधारी मर्यादेबाहेर गेली. माल अपुरा आहे, अर्धा पाठवायचा की थांबायचं? दर बदलला. २२ सप्टेंबरपासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण सुटा पीव्हीसी पाईप १८ टक्क्यांवरच आहे, आणि एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही असतात. डीलर मध्येच ऑर्डर बदलतो. गाडी भरताना बंडल कमी निघतो. आणि सगळ्यात नाजूक प्रकार म्हणजे अनुदानाची ऑर्डर. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर होतो आणि संच बसवायचा तो पूर्वसंमती मिळाल्यावर. अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात नंतर येतं. तोवर डीलरचे पैसे अडकतात, आणि डीलर अडकला की आमची उधारी लांबते. या ऑर्डरला साध्या ऑर्डरचा नियम लावला तर चांगला डीलर उगाच थकबाकीदार दिसतो.

काका म्हणाले तेही लिहून ठेवते: "उधारी एका आकड्यानं मोजता येत नाही. कापूस विकला की हा माणूस पैसे आणून देतो. तो दुसरा वेळेवर देतो, पण दर वेळी घासाघीस करून." हे ज्ञान सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण उतरणार नाही, उतरवूही नये. पण काकांपुढे निर्णयासाठी ऑर्डर येईल तेव्हा त्या डीलरची येणे बाकी, शेवटचा भरणा आणि त्यातला अनुदानाचा भाग, हे सगळं एका पडद्यावर दिसलं पाहिजे.

निवडीची परीक्षा ठरली. खऱ्या, आधी अडून गेलेल्या ऑर्डरींचा एक गठ्ठा करायचा. प्रत्येक सॉफ्टवेअरवर तोच गठ्ठा चालवायचा. सरळ जाणारी ऑर्डर दाखवायलाच द्यायची नाही, ती सगळीकडे सरळच जाते.

१७ ऑक्टोबर

दिवाळीची घाई. प्रकल्पाचं काम बंद. गठ्ठा तयार आहे, काकांनी तपासून दिला.

२७ ऑक्टोबर

बाजारात काय आहे ते वाचून काढलं. 'ऑटोमेशन' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीची सॉफ्टवेअरं विकली जातात, आणि ती एकाच तक्त्यात मांडली की गोंधळ होतो.

एक जात जोडणाऱ्यांची. झॅपियर, मेक (२०२२ पर्यंत याचं नाव इंटिग्रोमॅट होतं), एन-एट-एन (n8n) ही त्यातली. इकडे मेसेज आला, तिकडे ओळ लिही, पलीकडे सूचना पाठव. काम झालं की त्यांचा संबंध संपतो. दुसरी जात नोंद सांभाळणाऱ्यांची: झोहो क्रिएटर, फ्रॅपे आणि त्यावरचं ईआरपीनेक्स्ट, चेन्नईचं किसफ्लो. यांच्यात ऑर्डर ही एक नोंद असते, तिला स्थिती असते, आणि ती पुढच्या माणसाकडे जाईपर्यंत तिथेच राहते. मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट मधोमध बसतं. जोडणी हा त्याचा मूळ धंदा, पण मंजुरीची सोय आत आहे.

पहिल्या जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडलेली ऑर्डर *राहायला* जागा नसते, ती सोय बाहेर कुठेतरी करावी लागते. आमचा त्रास अडलेल्या ऑर्डरचा, म्हणून पाया दुसऱ्या जातीचा हवा. जोडणारं लागेल, पण नोकर म्हणून.

पैशांचं मापही प्रत्येकाचं वेगळं. झॅपियर यशस्वी झालेली प्रत्येक कृती मोजतं. मेक प्रत्येक टप्प्याचे क्रेडिट कापतं. एन-एट-एनच्या क्लाउडवर प्रवाह सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालला की एक गणती, मग टप्पे किती का असेनात. झोहो क्रिएटर आणि पॉवर ऑटोमेट मुख्यतः माणसामागे पैसे घेतात. आमच्या एका ऑर्डरला बरेच टप्पे आहेत आणि जानेवारीत ऑर्डरी एकदम वाढतात, म्हणजे टप्पे मोजणारं बिल नेमकं सीझनमध्ये फुगणार. माणसं मोजणारं बिल स्थिर राहतं, पण उद्या डीलरांना आत घेतलं की तेही वाढतं. दरपत्रक मागवताना म्हणून 'महिन्याला किती?' असं विचारायचं नाही. जानेवारीच्या आमच्या एका आठवड्याला किती पडेल, ते लिहून मागायचं.

३ नोव्हेंबर

विक्रेत्यांचे डेमो सुरू. एका ठिकाणी (नाव इथे नको) सुंदर पडदे दाखवले: ऑर्डर आली, मंजूर झाली, बिल झालं, हिरवी खूण. मी गठ्ठ्यातली अर्ध्या मालाची ऑर्डर पुढे केली. "ते कस्टमायझेशनमध्ये होईल," असं उत्तर. दरबदलाच्या ऑर्डरलाही तेच, अनुदानाच्या ऑर्डरलाही तेच. मग मुळात मिळतं काय, याचं उत्तर आलं नाही. त्यांचा विचार इथेच थांबवला.

दुसऱ्यांचा भर आवाजी निरोप आपोआप वाचून ऑर्डर बनवणाऱ्या एआयवर होता. ते काम पाहण्याजोगं आहे, पण '१६ चे' म्हणजे काय हे आमच्या डेस्कला जुन्या बिलांवरून कळतं. यंत्रानं कच्ची ऑर्डर भरून द्यावी, पक्की माणसानंच करावी. या अटीवर पुढे कधीतरी.

८ नोव्हेंबर

झोहो क्रिएटरवर गठ्ठा चालवला. मनापासून आवडलं. फॉर्म पटापट उभे राहतात, ब्लूप्रिंटमध्ये स्थिती आणि एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या वाटा नीट मांडता येतात, मोबाइल अ‍ॅप लगेच मिळतं. डेटा भारतातल्या डेटा सेंटरमध्ये राहतो. अर्ध्या मालाची ऑर्डर दोन नोंदींत तोडायला डेल्यूज या त्यांच्या भाषेत थोडं लिहावं लागलं. ते कठीण नव्हतं.

दोन गोष्टी अडल्या. प्रतिनिधी, गोदाम, डेस्क, अकाउंट आणि पुढे डीलर, एवढी माणसं धरली की माणसामागचा खर्च भाऊंना जड वाटतो. आणि डेल्यूजमध्ये लिहिलेले नियम झोहोबाहेर कुठेच चालत नाहीत. माहिती काढून घेता येते, नियम नाही. हा दोष नाही, प्रत्येक तयार सेवेचा तो स्वभावच आहे. पण हिशेबात धरायला हवा.

१२ नोव्हेंबर

पॉवर ऑटोमेट. ज्यांचं ऑफिस आधीपासून मायक्रोसॉफ्ट ३६५ वर चालतं त्यांनी हेच आधी पाहावं, हे माझं स्पष्ट मत. आमच्याकडे मेल दुसरीकडे, एक्सेल जुनं, त्यामुळे तो फायदा मिळत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरांशी जोडणारे काही महत्त्वाचे जोड (कनेक्टर) जास्त पैशांच्या प्रीमियम परवान्यात येतात, आणि आम्हाला लागणारे बहुतेक त्यातलेच.

एक अट मात्र आमच्या कामाच्या आड आली. एकदा सुरू झालेला प्रवाह जास्तीत जास्त ३० दिवस चालू राहतो. मंजुरीची वाट पाहत असला तरी त्यानंतर तो संपतो. अनुदानाची ऑर्डर पूर्वसंमतीसाठी त्याहून जास्त थांबते. नोंद वेगळीकडे ठेवून आणि प्रवाह तोडून यावर मार्ग निघतो, पण मग नोंद ठेवणारं दुसरं काही घ्यावं लागेलच.

१८ नोव्हेंबर

फ्रॅपे. मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचं, खुल्या स्रोताचं. मूळ चौकट एमआयटी परवान्याची, तिच्यावरचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्याचं. आयटी पार्कमधल्या एका छोट्या टीमनं आमच्यासाठी चाचणीचा सर्व्हर लावून दिला.

यातला वर्कफ्लो म्हणजे एक साधा तक्ता आहे. प्रत्येक ओळीत आत्ताची स्थिती, करायची कृती, पुढची स्थिती, ती कृती कोणत्या भूमिकेला करता येईल, आणि अट. आम्ही स्थिती मराठीतच लिहिल्या: 'नोंद झाली', 'उधारीसाठी थांबली', 'माल अपुरा', 'पूर्वसंमतीची वाट', 'भरायला तयार', 'मोजणी झाली', 'गाडी गेली', 'पोचली'. 'उधारीसाठी थांबली' मधून 'भरायला तयार' कडे नेण्याचा हक्क फक्त अकाउंटला. स्वतः नोंदवलेली ऑर्डर स्वतःच मंजूर करण्याची परवानगी त्याच ओळीत एका खुणेनं बंद करता येते. ते काकांना फार पटलं.

मग मी मुद्दाम डेस्कवरच्या सहकारीला पुढे बसवलं. ती बी.कॉम. आहे, प्रोग्रामिंगशी संबंध नाही. तिला सांगितलं, मोर्शीच्या डीलरांचा माल अपुरा असेल तर ऑर्डर अडवू नको, अर्धी पुढे पाठव, असा नियम आता घाल. टीममधल्या मुलाला हात बाजूला ठेवायला सांगितला. तिनं तक्त्यात ओळ वाढवली, भूमिका निवडली, अटीच्या रकान्यात शेजारच्या ओळीची अट पाहून तालुक्याचं नाव बदललं, जतन केलं आणि गठ्ठ्यातली ऑर्डर चालवून दाखवली. ऑर्डरच्या खाली इतिहास दिसत होता: कुणी, कधी, काय बदललं.

माझ्या लेखी ही परीक्षा सगळ्यात मोठी. जानेवारीत रात्री आठ वाजता नियम बदलावा लागला तर तो आमच्याच माणसाला बदलता आला पाहिजे.

मर्यादाही लिहिते. एका प्रकारच्या नोंदीवर एका वेळी एकच वर्कफ्लो चालू राहतो, त्यामुळे रोख, उधार आणि अनुदान या तिन्ही वाटा एकाच तक्त्यात अटींनी वेगळ्या कराव्या लागल्या आणि तक्ता लांबला. शिवाय सर्व्हर, बॅकअप, अद्ययावतीकरण ही जबाबदारी आपली. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी त्याची निगा फुकट नाही, हे भाऊंच्या कानावर घातलं.

२४ नोव्हेंबर

टॅली. हिशेब टॅलीतच राहणार, यावर काका ठाम आणि मीही. कर सल्लागार, बँक, सगळ्यांना तेच लागतं, आणि ई-इनव्हॉइस टॅलीप्राइममधूनच निघतं. प्रश्न एवढाच की ऑर्डर तिकडे पोचणार कशी.

टॅलीप्राइमला सर्व्हरसारखं वागायला सांगता येतं. सेटिंगमध्ये कनेक्टिव्हिटीखाली पोर्ट दिला की (नेहमीचा ९०००) ते एक्सएमएल स्वरूपातली मागणी ऐकतं आणि उत्तर देतं: किती नोंदी तयार झाल्या, किती बदलल्या, किती चुकल्या. अट एकच, त्या संगणकावर टॅली सुरू हवी आणि कंपनी उघडलेली हवी. काका संध्याकाळी संगणक बंद करून जातात, तेव्हा सहानंतरची ऑर्डर कुठे जाणार? तिला रांगेत थांबावं लागेल, आणि सकाळी टॅली उघडली की आपोआप आत जावं लागेल. त्यामुळे टॅलीसाठी वेगळा संगणक इन्व्हर्टरवर ठेवायचं ठरलं.

दुसरी मेख नावांची. टॅलीत डीलरचं खातं एका स्पेलिंगनं, डेस्कच्या यादीत दुसऱ्या. नाव जुळलं नाही की टॅली खातं सापडत नाही असं सांगून नोंद परत करते. सगळे डीलर जीएसटी क्रमांकावरून जुळवायला घेतले. तो १५ अक्षरांचा, त्यात गफलत होत नाही. या कंटाळवाण्या कामाला डेस्क आणि अकाउंट दोघांचा वेळ द्यावा लागेल. तो आत्ता दिला नाही तर कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी जानेवारीत भोगावं लागेल.

२ डिसेंबर

आज फक्त एका प्रश्नावर बसलो: बिल आपोआप कधी निघावं?

विक्रेते सगळे 'मंजुरी झाली की लगेच बिल' असं दाखवतात. आमच्यासाठी ते चूक आहे. उलाढाल ५ कोटींच्या वर असल्यानं प्रत्येक बी-टू-बी (व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला दिलेल्या) बिलाला आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा सरकारी नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा आहे. घेतलेला आयआरएन २४ तासांतच रद्द करता येतो, पुढे दुरुस्ती क्रेडिट नोटनं. मंजुरीनंतर लगेच बिल काढलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी भरताना बंडल कमी निघाला, तर ती मुदत हातातून गेलेली असेल.

म्हणून क्रम असा ठरला: गाडी भरली, दादांनी मोजणी टाकली, मग बिल आणि आयआरएन, मग गाडी क्रमांकासह ई-वे बिल (मालवाहतुकीचं जीएसटी पत्र), मग फाटक. मोजणीची पायरी माणसाचीच. तिथे यंत्राला पुढे जाऊ द्यायचं नाही.

ई-वे बिलाचा नियमही तक्त्यात बसवला. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, रक्कम करासकट. काटोलला जाणारी ८० हजारांची गाडी ई-वे बिलाशिवाय जाते, तोच माल पांढुर्ण्याला निघाला तर लागतं. सॉफ्टवेअरनं डीलरचा पत्ता न पाहता माल कुठे उतरणार ते पाहावं, अशी नोंद केली. मुदतीची चिंता नाही. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि आमचे डीलर त्यात बसतात. जीएसटीचे दर मात्र वर्कफ्लोच्या कोणत्याही पायरीत लिहायचे नाहीत, ते वस्तूंच्या यादीत, कोणत्या तारखेपासून लागू त्यासह.

५ डिसेंबर

निर्णयाची टिपणी भाऊंना दिली आणि त्यांनी सही केली.

ऑर्डर, मंजुरी आणि गोदामाची मोजणी फ्रॅपेवर. संपूर्ण ईआरपीनेक्स्ट आत्ता नाही, फक्त आम्हाला लागणारे फॉर्म आणि वर्कफ्लो. हिशेब, बिल, ई-इनव्हॉइस टॅलीत. व्हॉट्सअ‍ॅप आणि टॅली यांना फ्रॅपेशी जोडायला एन-एट-एन, आपल्याच सर्व्हरवर. त्याचा परवाना स्वतःच्या धंद्याच्या अंतर्गत वापराला मोकळा आहे, सेवा म्हणून दुसऱ्याला विकायला नाही. आम्हाला तेवढंच हवं. सर्व्हर मुंबईतल्या क्लाउडवर, रोजचा बॅकअप वेगळ्या जागी.

दुसरा क्रमांक झोहो क्रिएटरचा. निगा राखायला जवळ कुणी मिळालं नसतं तर तेच घेतलं असतं, हे टिपणीत तसंच लिहिलं आहे. शहरातल्या इतर कुणी आमचं पाहून फ्रॅपे घ्यावं असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात निगा राखणारं माणूस नाही त्यांनी तयार सेवेचे पैसे द्यावेत, ते स्वस्त पडतात.

टीमबरोबरच्या करारात दोन ओळी घालून घेतल्या: सगळे पासवर्ड आणि सर्व्हरचं खातं आमच्या नावावर, आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कोऱ्या संगणकावर उघडून दाखवायचा.

१० डिसेंबर

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते अडलेले, टीम उशिरा पोचली.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी नवा क्रमांक घेतला. डीलरनं मेसेज केल्यापासून २४ तास आपण मोकळेपणानं उत्तर देऊ शकतो. त्यानंतर बोलायचं तर व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक मेटानं आधी मंजूर केलेला साचाच (ठरलेला मजकूर) पाठवावा लागतो. १ जुलै २०२५ पासून साच्यांचे पैसे मेसेजमागे लागतात. म्हणून साचे मोजकेच केले: 'ऑर्डर नोंदवली', 'अमुक कारणानं थांबली आहे', 'गाडी निघाली'. दुसरा साचा भाऊंना नको होता, ऑर्डर अडली हे डीलरला कशाला सांगायचं? मी तो ठेवायला लावला. डीलर फोन करतो तो माल लवकर यावा म्हणून नाही, शेतकऱ्याला काय सांगायचं ते कळावं म्हणून.

आपल्या सर्व्हरकडून पोच मिळाली नाही तर व्हॉट्सअ‍ॅप तोच निरोप पुन्हा पाठवतं. म्हणून प्रत्येक मेसेजचा ओळखक्रमांक जपून ठेवतो. तो आधी आलेला असेल तर दुसरी ऑर्डर होत नाही. टॅलीकडे जातानाही हीच पद्धत, ऑर्डर क्रमांक सोबत. वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचं असताना हे नसेल तर एकाच मालाची दोन बिलं निघतील.

१९ डिसेंबर

वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही सोबत चालू. कळमेश्वर आणि सावनेरचे डीलर आधी घेतले, जवळ आहेत आणि समजूतदार आहेत.

वाडीचं निरीक्षण: दादांना मोबाइलवर मोजणी टाकताना हातमोजे काढावे लागतात. बटणं मोठी केली, आकड्यांसाठी टंकण्याऐवजी अधिक-उणे दिलं. डेमोत कुणाच्याही लक्षात न येणारी ही गोष्ट, पण मोजणी टाकली गेली नाही तर बिलच निघत नाही, म्हणजे सगळी साखळी या बटणावर आहे.

काकांकडे आता सकाळी एक यादी येते: 'उधारीसाठी थांबली', सगळ्यात जुनी वर, शेजारी येणे बाकी आणि त्यातला अनुदानाचा भाग. ते ती बँकेत जाण्याआधी उरकतात. डेस्कचे "काका आहेत का?" हे फोन जवळजवळ बंद झाले.

२९ डिसेंबर

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड आत घेतले. वही बंद केली नाही, पण तिच्यात आता फक्त सर्व्हर बंद पडला तर लिहायचं.

८ जानेवारी २०२६

पहिली मोठी चाचणी आपोआप झाली. दुपारभर इंटरनेट गेलं. डीलरांचे मेसेज क्लाउडवर नोंदत राहिले, टॅलीकडची रांग थांबली, संध्याकाळी जोडणी आल्यावर सगळ्या नोंदी क्रमानं आत गेल्या. एक परत आली, खातं सापडलं नाही म्हणून. ती 'हिशेबात अडली' या स्थितीत काकांच्या यादीत दिसली आणि त्यांनी नाव जुळवून पुढे ढकलली. दुबार बिल एकही नाही. जुळणी काकांनी स्वतः टॅलीतून काढून पाहिली.

१७ जानेवारी

ताण तुटायला लागला. नरखेडकडून फिल्टर आणि १६ च्या लॅटरलची मागणी एकदम. 'माल अपुरा' ची यादी सकाळीच लांब झाली, आणि ती सकाळीच दिसल्यामुळे भाऊंनी दुपारी कंपनीकडे गाडी मागवली. डेस्कवरच्या सहकारीनं आज स्वतःहून एक नियम बदलला: पांढुर्ण्याच्या ऑर्डरी दोनच्या आत मोजणीला लावायच्या, म्हणजे ई-वे बिल आणि गाडी उजेडात निघते. मला तिनं नंतर सांगितलं. नोंद इतिहासात आहे, नियम बरोबर आहे, तसाच ठेवला.

उरलेली कामं: पांढुर्ण्याच्या डीलरांसाठी हिंदी साचे मंजुरीला टाकायचे. अनुदानाच्या ऑर्डरला पूर्वसंमती पत्राचा फोटो जोडणं सक्तीचं करायचं, पण ते आल्याशिवाय नोंदच होत नाही असं नको, नोंद होऊन थांबू दे. बॅकअप उघडून पाहण्याची या महिन्याची पाळी २८ तारखेला. यवतमाळचे डीलर फेब्रुवारीत, गर्दी ओसरल्यावर.